साइटचा एमसीबी पडतो तेव्हा...

गेल्या सेमिस्टरला परीक्षा फॉर्मची शेवटची रात्र. हॉस्टेलच्या खोलीत आम्ही चौघी, चार फोन आणि चारही स्क्रीनवर गरगर फिरणारं चक्र. फीचं पान उघडत नव्हतं, हे समजू शकते. पण माझी फी भरून झाली होती, मला नुसती पावती हवी होती. तीही मिळेना! पावतीचा आणि पेमेंटचा काय संबंध?

‘‘अगं, असतो संबंध,’’ कॉम्प्युटर इंजिनीअरिंगवाली रूममेट म्हणाली. तिने समजावलं ते असं.

सर्व्हरकडे एका वेळी काम करणारे ‘थ्रेड’ मोजकेच असतात. त्यांना कॅन्टीनमधले वेटर समजा. डोशाचा तवा नीट तापत नाहीये, पण आतून ‘होतोय, होतोय’ चाललंय. हळूहळू सगळे वेटर डोशासाठी खोळंबतात आणि साधा चहा मागणाऱ्याकडेही कुणी फिरकत नाही. तवा सरळ बंद असता, तर वेटर ‘डोसा नाही’ म्हणून मोकळा झाला असता. म्हणजे बंद पडलेल्यापेक्षा रेंगाळणारं जास्त घातक! आणि आपण वैतागून रिफ्रेश मारतो, तेव्हा आणखी एक वेटर तिथे अडकवतो.

यावर उपाय आहे ‘सर्किट ब्रेकर पॅटर्न’. मायकेल नायगार्ड यांच्या 2007 च्या ‘रिलीज इट!’ या पुस्तकामुळे तो सर्वांना माहीत झाला. कल्पना घरातल्या एमसीबीचीच. दोन सेवांच्या मध्ये एक छोटा कोड बसतो आणि किती रिक्वेस्ट फसल्या ते मोजतो. ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेलं की ब्रेकर पडतो. मग पुढची रिक्वेस्ट ताटकळत नाही, लगेच ‘नाही’ ऐकून परत येते. गंमत म्हणजे या स्थितीला ‘ओपन’ म्हणतात आणि सुरळीत चालू असतं तेव्हा ‘क्लोज्ड’. भाषा विजेची आहे, दुकानाच्या शटरची नाही!

घरचा एमसीबी आपण हाताने वर करतो. इथे थोड्या वेळाने ब्रेकर स्वतःच ‘हाफ-ओपन’ होतो आणि एखाद-दुसरी रिक्वेस्ट सोडून बघतो. जमलं तर क्लोज्ड, नाही तर परत ओपन.

नेटफ्लिक्सने यासाठी ‘हिस्ट्रिक्स’ ही लायब्ररी 2012 मध्ये सगळ्यांसाठी खुली केली. खास तुमच्यासाठीच्या शिफारशी मिळत नसतील, तर सरसकट सगळ्यांना दाखवायची यादी पुढे करायची, अशी त्यामागची सोय. 2018 पासून हिस्ट्रिक्समध्ये नवीन भर पडत नाही. जावावाले आता ‘रेझिलियन्स फोर जे’ वापरतात.

पैशांच्या बाबतीत मात्र अशी पर्यायी यादी चालत नाही. ‘बहुतेक फी भरली गेली’ असं कोण ऐकून घेईल? तिथे सरळ सांगावं, ‘पेमेंट तूर्त बंद आहे, पावत्या मिळतील.’ शिवाय मर्यादा फार कमी ठेवली, तर किरकोळ अडचणीतही ब्रेकर पडत राहणार.

माझी पावती पहाटे आली. रूममेट सध्या फायनल इयर प्रोजेक्टमध्ये हाच ब्रेकर बसवतेय. मर्यादा किती ठेवायची, यावर तिचं आणि पार्टनरचं अजून भांडण चालू आहे.