दोन टाक्यांचं काम आणि वीस टन ऊस

गाळप हंगामाच्या बातम्या झळकू लागल्या की शिरूर-दौंड पट्ट्यातल्या फॅब्रिकेशनच्या दुकानांपुढे ट्रॉल्या लागतात. न्हावरा-चौफुला रस्त्याने संध्याकाळी जा, टपरीटपरीआड निळा उजेड लुकलुकत असतो. पण आता पाच-सात हजारांत इन्व्हर्टर मशीन घरपोच येतं, शिकवायला मोबाईल आहेच. मग दोन टाक्यांसाठी दुसऱ्याच्या दारात ताटकळायचं कशाला, असं बागायतदाराच्या पोराला वाटलं तर त्यात गैर काही नाही.

गोठ्याच्या फाटकाची बिजागरी, लोखंडी खाटेचा पाय, पाण्याच्या टाकीचं स्टँड सोडून बाकी किरकोळ घडवंच्या, हे सगळं खुशाल घरी करावं. जोड सुटलाच तर म्हैस बाहेर पडेल, खाट कलेल. हात बसायला अशीच कामं लागतात. तीन पथ्यं मात्र पाळायचीच. काळ्या काचेशिवाय ठिणगीकडे बघायचं नाही, कारण डोळ्यांतली आग काही तासांनी, ऐन मध्यरात्री सुरू होते आणि बटाट्याच्या चकत्यांनी ती विझत नाही. जीआय पाइपवरचं जस्त घासून काढल्याशिवाय रॉड लावायचा नाही. त्या पांढऱ्या धुराने थंडीताप भरतो, आणि गुऱ्हाळ शेजारी असलं तरी गूळ खाऊन तो उतरत नाही. तिसरं, रसायनाचा किंवा डिझेलचा रिकामा बॅरल. कुरकुंभसारखी औद्योगिक वसाहत जवळ असली की असे बॅरल गावोगाव पोचतात. बॅरल रिकामा दिसतो, आत वाफ असते. तो कापायला घेणं म्हणजे बॉम्बवर बसणं.

आता ट्रॉलीचा दांडा आणि हुक. इथे माझं मत बदलतं.

मागे दोन ट्रॉल्या, त्यांत पंधरा-वीस टन ऊस, रस्त्याला खड्डे. प्रत्येक खड्ड्याला हुक एक हिसका खातो. अशी वस्तू एका दणक्यात तुटत नाही. आधी केसासारखी चीर पडते, ती बहुधा जुन्या वेल्डिंगच्या कडेला, आणि हिसक्यागणिक पुढे सरकते. घरचा कारागीर काय करतो? चिरेवरूनच रॉड फिरवतो. वरून जोड छान खवल्याखवल्यांचा दिसतो, आत चीर जशीच्या तशी. जाणता माणूस आधी ती चीर कुठे संपते ते शोधतो, टोकाला ड्रिलने भोक पाडून तिला अडवतो, मग ग्राइंडरने तळापर्यंत व्ही खाच काढतो आणि खालून थराथराने भरत येतो. प्रत्येक थरावरचं कीट ठोकून, ब्रश मारून मगच पुढचा थर. अर्धं काम रॉड पेटवण्याआधीचं असतं.

त्यात पोलाद कुठलं, हा प्रश्न. साध्या अँगल-चॅनेलमध्ये कार्बन पाव टक्क्याच्या आत असतो. गाडीच्या कमानपाट्याच्या पोलादात तो अर्ध्या टक्क्याच्या वर. हुक असल्या कडक पोलादाचा असेल तर तो आधी तापवावा लागतो आणि नंतर सावकाश निवू द्यावा लागतो. आपल्याकडे घाई असते. लालभडक जोडावर कॅनमधलं पाणी ओततात, चर्र आवाज येतो, मालक समाधानाने मान हलवतो. त्याच क्षणी जोडालगतची पट्टी काचेसारखी ठिसूळ झालेली असते.

रॉडचंही तसंच. दुकानात सर्रास मिळतो तो ६०१३, फाटकाला उत्तम. जोखमीच्या कामाला ७०१८ लागतो, पण तो कोरडाठाक हवा. दमट रॉडमधला हायड्रोजन जोडात शिरतो आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, आतून तडा देतो. पाकीट फोडून पावसाळाभर पोटमाळ्यावर ठेवलेला ७०१८ तीनशे अंशांच्या वर भट्टीत भाजल्याशिवाय वापरण्याजोगा नसतो. शिवाय वस्तीवर सिंगल फेजचा दाब पडलेला असला की मशीनवर २०० अँपिअर लिहिलेलं काय कामाचं!

एवढ्याशा टाक्याचा बाऊ कशाला, असं वाटत असेल तर नॉर्थ सीमधला ‘अलेक्झांडर केलँड’ आठवावा. तेल कामगारांना राहण्यासाठी वापरला जाणारा हा तरंगता तळ २७ मार्च १९८० ला उलटला. २१२ पैकी १२३ माणसं गेली. चौकशीत मूळ सापडलं ते एका आडव्या नळीवर उपकरण बसवण्यासाठी मारलेल्या ६ मिलिमीटरच्या वेल्डिंगमध्ये. ते उपकरण काही भार पेलत नव्हतं. चीर तिथे सुरू झाली आणि नळी तुटली. आपल्याकडे ट्रॉलीच्या दांड्यावर दोरीची कडी, रिफ्लेक्टरची पट्टी, साउंड बॉक्सचं स्टँड असंच ‘सहज’ चिकटवतात.

मग पैसे देऊन करून घेतलं की निर्धास्त? तेही नाही. आयटीआयचा वेल्डर ट्रेड एक वर्षाचा असला तरी रस्त्याकडेचे बहुतेक हात उस्तादाकडे बघून तयार झालेले. त्यांतले काही अव्वल, काही नुसते भरून देणारे. रॉडच्या संख्येवर हिशेब लागत असेल तर घासण्यात वेळ कोण घालवील? ग्राइंडर न उचलता थेट होल्डर उचलणाऱ्याकडून हुक परत घ्यावा. झिजून पातळ झालेला असेल तर भरूच नये, नवा बसवावा.

हंगाम आला की ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावण्याच्या मोहिमा होतात, फोटो छापून येतात. चांगलंच आहे. भीमा-पाटस असो की दुसरा कुठला, ऊस वाहतुकीचे करार करतानाच साखर कारखान्यांनी हुक आणि दांडा आयटीआयच्या शिक्षकाकडून तपासून घ्यायचं ठरवलं, तर खर्च डिझेलच्या एका कॅनएवढाही येणार नाही.