मूत्रपिंडाचा विकार आणि दात काढताना घ्यावयाची दक्षता

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यातील डहाणू व तलासरी हे तालुके आदिवासीबहुल असून येथील वस्ती दूरवरच्या पाड्यांत विखुरलेली आहे. दात काढल्यानंतर रात्री पाड्यावर रक्तस्राव सुरू झाला, तर रुग्णालय गाठणे कठीण जाते. ज्यांची मूत्रपिंडे दुबळी झाली आहेत, त्यांना हा धोका अधिक असतो. म्हणून अशा रुग्णांची काळजी दात काढण्यापूर्वीच घेतली पाहिजे.

धोका कशामुळे?

मूत्रपिंडे रक्तातील त्याज्य द्रव्ये बाहेर टाकतात. हे कार्य बरेच मंदावले की ती द्रव्ये रक्तात साचतात आणि रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या रक्तबिंबिका नीट काम करीत नाहीत. त्यांची संख्या पुरेशी असूनही जखम वाहत राहू शकते. त्यातच रक्तदाब वाढलेला असेल, तर रक्त थांबण्यास अधिक वेळ लागतो.

डायलिसिसच्या वेळी रक्त गोठू नये म्हणून बहुधा हेपॅरिन देतात. त्यामुळे त्याच दिवशी दात काढणे टाळावे. डायलिसिसचा दुसरा दिवस सामान्यतः योग्य ठरतो. डायलिसिससाठी ज्या हातावर शस्त्रक्रिया केली आहे, त्या हातावर रक्तदाब मोजू नये.

औषधांबाबत सावधगिरी

दाढ दुखू लागताच दुकानातून गोळी आणून घेण्याची सवय सर्वत्र आढळते. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा कमी करतात. दुबळ्या मूत्रपिंडांना त्या घातक ठरू शकतात. वेदनेसाठी वैद्यकीय सल्ल्याने पॅरासिटामॉल घेणे अधिक सुरक्षित होय. अनेक प्रतिजैविकांची मात्रा कमी करावी लागते आणि जेंटामायसिनसारखी काही औषधे शक्यतो टाळावी लागतात. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असल्यास ती रुग्णाने परस्पर बंद करू नये.

भीतीने विलंब नको

मूत्रपिंडाचा विकार आहे म्हणून सडलेला दात तसाच ठेवणेही हितावह नाही. अशा रुग्णाची प्रतिकारशक्ती कमी असते व हिरडीतील पू शरीरात पसरू शकतो. मूत्रपिंडरोपणापूर्वी दातांतील जंतुसंसर्ग दूर करतात, तो याच कारणास्तव.

गावपातळीवर काय करता येईल?

मूत्रपिंडाचा विकार आरंभी लक्षणांवाचून वाढतो. म्हणून मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा पायांवर सूज असणाऱ्यांनी दात काढण्यापूर्वी रक्तातील क्रिएटिनिन तपासून घ्यावे. आपला आजार व चालू औषधे दंतवैद्यांना न विसरता सांगावीत. दात शक्यतो सकाळी काढावा, म्हणजे रक्त थांबल्याची खात्री करूनच दिवसाउजेडी घरी परतता येते. कापसाची घडी अर्धा तास दाबून धरावी. २४ तास जोराने चुळा भरू नयेत, तंबाखू व मिसरी वर्ज्य करावी. रक्त थांबत नसेल, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

शिक्षक, आशा कार्यकर्त्या व पंचायत सदस्य यांनी ही माहिती ग्रामसभेत, पालकसभेत आणि पाड्यापाड्यांवर तेथील बोलीत समजावून सांगावी. दंतवैद्यांना वेळीच सांगितलेली एक गोष्ट रात्रीचा जीवघेणा प्रवास टाळू शकते.