परीकथाधिष्ठित प्रणयकादंबरी

परीकथाधिष्ठित प्रणयकादंबरी : पारंपरिक परीकथेचा कथाबंध स्वीकारून त्यावर रचलेली आणि बहुधा प्रेमी युगुलाच्या मीलनात पर्यवसान पावणारी कादंबरी. इंग्रजी भाषेत हा प्रकार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून विशेष लोकप्रिय झाला. ‘सिंड्रेला’, ‘निद्रिस्त राजकन्या’ इ. कथांवरही अशा कादंबऱ्या लिहिल्या गेल्या. तथापि ह्या प्रकाराची प्रकृती ‘सुंदरी आणि पशू’ ह्या कथेवरील कादंबऱ्यांत सर्वांत स्पष्टपणे दिसते.

ह्या कथेचा धागा आप्युलियस (इ. स. दुसरे शतक) ह्याने लॅटिनमध्ये सांगितलेल्या क्यूपिड व सायकी ह्यांच्या आख्यानापर्यंत मागे नेता येतो. आज परिचित असलेले तिचे रूप मात्र फ्रेंच आहे. गाब्रिएल-स्यूझान द व्हीलनव्ह (मृ. १७५५) हिने १७४० मध्ये ती प्रौढ वाचकांसाठी विस्ताराने लिहिली. तीत पशू नायिकेला रोज रात्री शय्यासोबतीविषयी विचारतो आणि नकार मिळताच निमूटपणे निघून जातो. इंग्लंडमध्ये शिक्षिका असलेल्या लप्रँस द बोमाँ हिने १७५६ मध्ये मुलींसाठी तिचा संक्षेप केला, तेव्हा हा प्रश्न विवाहाविषयीचा झाला. वडीलधाऱ्यांनी ठरविलेल्या अपरिचित पुरुषाच्या घरी जाणे, हा तत्कालीन सुखवस्तू घरांतील अनेक मुलींचा प्रत्यक्ष अनुभव होता. कथेने त्या भीतीला पशूचे रूप दिले. पण त्याचबरोबर व्यवहारात क्वचितच लाभणारी एक गोष्टही दिली : नायिकेला नकार देता येतो व तो मानला जातो. कथेचे आकर्षण बव्हंशी येथेच आहे. पशूचा राजपुत्र होणे त्यामानाने गौण होय.

परीकथा घटना सांगते. मनोव्यापारांत ती फारशी शिरत नाही. भीतीची ममता कशी होते, हे ती दोन-चार वाक्यांत उरकते. कादंबरी नेमकी हीच मोकळी जागा व्यापते. शेवट ठाऊक असल्यामुळे वाचकाचे कुतूहल ‘काय होणार’ ह्यावरून ‘कसे होणार’ ह्याकडे वळते. कीर्तनातील आख्यान श्रोत्यांना आधीच माहीत असते, तरीही ते रंगते, त्यातलाच हा प्रकार. अमेरिकन अभ्यासिका जॅनिस रॅडवे हिने रीडिंग द रोमान्स (१९८४) ह्या ग्रंथात प्रणयकादंबऱ्यांच्या नियमित वाचक स्त्रियांचे निरीक्षण नोंदविले आहे. त्यांच्यापैकी काही जणी पुस्तक घेण्यापूर्वी त्याचा शेवट वाचून पाहत. सुखान्ताची हमी मिळाल्यावरच मधल्या दुःखात निर्धास्तपणे शिरता येते.

शार्लट ब्राँटी (१८१६–५५) हिच्या जेन एअर (१८४७) मध्ये ‘सुंदरी आणि पशू’ व ‘निळी दाढी’ ह्या दोन्ही कथांचे पडसाद आहेत. पहिली पत्नी लपवून ठेवणाऱ्या नायकाला सोडून जेन निघून जाते आणि वारशाने धन मिळाल्यावर, स्वेच्छेने, आंधळ्या झालेल्या नायकाकडे परतते. रॉबिन मॅकिन्ली (१९५२– ) हिच्या ब्यूटी (१९७८) ह्या कादंबरीत कथेची चौकट जवळजवळ जशीच्या तशी आहे. पण नायिका स्वतःला सुंदर समजत नाही, तिला घोडा व ग्रंथ प्रिय आहेत आणि पशूच्या ग्रंथालयात अद्याप लिहिलीच न गेलेली पुस्तकेही तिला सापडतात. हा प्रसंग कथानकाला फारसा पुढे नेत नाही, परंतु वाचकांच्या तो ध्यानात राहतो. कारण पशूच्या वाड्यात त्या मुलीला काय मिळते, ह्याचे त्यात उत्तर आहे.

ह्या प्रकारावरील मुख्य आक्षेप असा, की सोशिकपणे प्रेम केल्यास क्रूर पुरुष सुधारतो, हा घातक समज त्यातून दृढ होतो. रॅडवे हिलाही नायकाचा कठोरपणा हे दडलेले प्रेम मानण्याची वाचकांची रीत चिंताजनक वाटली. आक्षेप खरा आहे; मात्र तो मूळ कथेपेक्षा तिच्या अनुकरणांना अधिक लागू पडतो. मुळातील पशू विद्रूप असला, तरी आपल्या प्रश्नाचे उत्तर तो नायिकेवर सोपवतो. अनेक अनुकरणांतील नायक देखणे आणि उद्दाम असतात. अँजेला कार्टर (१९४०–९२) हिने द ब्लडी चेंबर (१९७९) ह्या संग्रहातील एका कथेत परिवर्तनाची दिशाच उलटविली. तेथे नायिकाच वाघीण होते. सारा जे. मास (१९८६– ) हिने २०१५ मध्ये सुरू केलेल्या कादंबरीमालेचा पहिला भाग ह्याच परीकथेवर आधारलेला आहे. २०१६ मधील दुसऱ्या भागात तोच प्रियकर रक्षणाच्या नावाखाली नायिकेला घरात कोंडतो आणि ती त्याला सोडून जाते.