कॅमने रॉकर खाल्ला? गैरसमज आणि वस्तुस्थिती

बोईसरच्या नवापूर नाक्यावर किंवा पालघरच्या माहीम रोडवर मोटारसायकलचं हेड उघडून बसलेला मिस्त्री एक वाक्य हमखास बोलतो : "कॅमने रॉकर खाल्ला." गाडी बहुधा शंभर-दीडशे सीसीची असते. मालक तारापूर एमआयडीसीत शिफ्टला जाणारा तरुण असतो आणि काही महिन्यांपूर्वी त्याने पिकअपसाठी बाहेरचा 'हाय लिफ्ट' कॅम बसवलेला असतो. 'पार्ट लोकल निघाला' एवढ्यावर चौकशी संपते. तसाच दुसरा कॅम येतो आणि तोही रॉकर खातो. पार्ट लोकल असू शकतो, हे खरं. पण पुष्कळदा दोष कॅमच्या आजूबाजूला असतो आणि तिकडे कोणी पाहत नाही. पगारातून वाचवलेले पैसे असे दोनदा, तीनदा जाताना पाहवत नाहीत, म्हणून हा खटाटोप.

आधी आत काय चालतं ते पाहू. फोर स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांमागे कॅमची एक फेरी होते. इंजिन मिनिटाला ६००० फेऱ्यांवर असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ५० वेळा उघडतो आणि मिटतो. दर वेळी कॅमचा उंचवटा, म्हणजे लोब, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या रॉकरच्या पॅडला दाबत त्याच्यावरून घसरत जातो. रोलर रॉकर असलेल्या गाड्या सोडल्या, तर इथे चाकासारखं लोळणं नाही, निव्वळ घासणं आहे. पालघरहून बोईसरला अर्धा तास सरासरी ५००० फेऱ्यांवर गाडी चालवली, तर एकेका रॉकरवरून लोब ७५ हजार वेळा जातो. दोन्ही धातूंना वेगळं ठेवणारा तेलाचा थर लोबच्या टोकापाशी इतका पातळ होतो, की पृष्ठभागांची बारीक टोकं एकमेकांना लागतात. कंपनीच्या कॅममध्येही हे होतंच. म्हणून धातूचा कडकपणा, पॅडची गोलाई, स्प्रिंगचा जोर आणि तेल या साऱ्यांचं गणित कंपनी एकत्र जुळवते. आपण त्यातला एक भाग बदलतो आणि बाकीचं गणित जसंच्या तसं सोडतो.

"घासून घेतलेला कॅम म्हणजे तोच कॅम, फक्त जास्त उंच"

सर्वांत जास्त रॉकर याच समजुतीपायी जातात. जुना कॅम नव्या आकारात ग्राइंड करताना लोबचं टोक उंच करता येत नाही, कारण धातू वाढत नसतो. मग टोकाला जवळपास हात न लावता पाठीचा गोल भाग खाली घासतात. लोबवर एक मिलिमीटर जादा लिफ्ट हवी, तर पाठीची त्रिज्या एक मिलिमीटरने कमी होते. कागदावर लिफ्ट मिळाली, पण त्यासोबत तीन गोष्टी बिघडतात.

पहिली, लोबच्या कडेचा धातू निघून जातो. कॅमचा कडकपणा आरपार नसतो. बऱ्याच स्टील कॅममध्ये कडक केलेली कातडी फार जाड नसते, कधी मिलिमीटरभरही नसते. ती कापली गेली, की रॉकर थेट नरम धातूवर चालतो. लोब आधी खरवडला जातो आणि त्याची भुकटी पॅडला घासते. दुसरी, टोक पूर्वीपेक्षा निमुळतं होतं. जोर तेवढाच राहिला तरी तो कमी जागेवर पडतो आणि दाब वाढतो. तिसरी गोष्ट जवळजवळ कोणीच तपासत नाही. पाठ खाली गेल्यामुळे रॉकर वेगळ्या कोनात उभा राहतो. टॅपेटचा स्क्रू व्हॉल्व्हकडे बराच पुढे काढावा लागतो, त्याचं टोक व्हॉल्व्हच्या दांड्यावर तिरकं बसतं आणि लोबचा स्पर्श पॅडच्या मधून सरकून कडेला जातो. कडेवर चालणारा रॉकर फार दिवस टिकत नाही, मग तो कितीही चांगल्या कंपनीचा असो.

हे पाहायला यंत्र लागत नाही. पॅडवर मार्करची शाई लावा, सगळं जोडून इंजिन हाताने काही फेरे फिरवा, पुन्हा उघडा. शाई पुसलेला पट्टा पॅडच्या मधल्या भागात आणि पूर्ण रुंदीचा असेल तर ठीक. तो कडेला किंवा एका बाजूला तिरका असेल, तर तो कॅम त्या हेडमध्ये चालवू नये. उंचवट्यावर वेल्डिंग चढवून घासलेले कॅमही मिळतात. तिथे कडकपणा जागोजागी वेगळा असतो आणि उष्णतेने कॅम वाकण्याचीही शक्यता असते. असा कॅम रोजच्या गाडीत मुळीच घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तारापूरच्या कारखान्यांत मेंटेनन्सला असलेल्या माणसाला रॉकवेल हार्डनेस काय असतो ते सांगावं लागत नाही. पंपाचा शाफ्ट घेताना तो कागद मागतो. कॅम घेतानाही तोच प्रश्न विचारायला हवा : घासल्यावर पुन्हा हार्डनिंग केलं का, आणि आकडा किती? लोबचा पृष्ठभाग साधारण ५० ते ६० रॉकवेल सीच्या पट्ट्यात असायला हवा. विकणाऱ्याकडे उत्तर नसेल, तर तो कॅम घेऊ नये.

"रॉकर चांगला आहे, तोच चालेल"

चालत नाही. जुना रॉकर जुन्या लोबशी घासून घासून त्याच्या जोडीचा झालेला असतो. पॅडवर डोळ्यांना दिसेल न दिसेल असा खळगा पडलेला असतो. नवा लोब त्या खळग्याच्या काठांवर बसतो आणि सगळा भार त्या दोन रेषांवर येतो. अनेक रॉकरच्या पॅडवर हार्ड क्रोमचा थर असतो. तो एका ठिकाणी उडाला, की पुढची झीज झपाट्याने होते आणि उडालेले कणही घासायला लागतात. कॅम नवा तर रॉकरही नवा, हा नियम पाळायलाच हवा. उलट बाजूनेही तेच : खरवडलेल्या लोबवर नवा रॉकर बसवणं म्हणजे त्याचे पैसे वाया घालवणं.

"स्प्रिंग जितकी कडक तितकं चांगलं"

इथे दोन्ही बाजूंनी चूक होते. ठरावीक कॅमवर व्हॉल्व्हला लोबला चिकटून ठेवायला लागणारा जोर इंजिनाच्या फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ८००० फेऱ्यांची मर्यादा ९००० वर नेली, तर तो सुमारे २७ टक्क्यांनी वाढतो. स्प्रिंग कमी पडली, तर वरच्या फेऱ्यांत रॉकर लोबवरून उडतो आणि परत येताना आदळतो. या आदळण्याने पॅडवर खड्डे पडतात. पण गरजेपेक्षा कडक स्प्रिंग घातली, तर तिचा सगळा जादा भार खालच्या फेऱ्यांत रात्रंदिवस लोबच्या टोकावर पडतो. जादा लिफ्टमध्ये आणखी एक धोका आहे. जुन्या स्प्रिंगची वेटोळी पूर्ण उघडण्याच्या क्षणी एकमेकांवर टेकू शकतात. मग स्प्रिंग म्हणजे लोखंडाचा ठोकळाच, आणि रॉकर तुटतो किंवा लोब फुटतो. कॅम ज्याने बनवला त्याने सांगितलेलीच स्प्रिंग घालावी. त्याने काहीच सांगितलं नसेल, तर त्यानेही गणित केलेलं नाही.

"नवा कॅम आहे, तासभर आयडलवर हळूहळू चालू दे"

ऐकायला हे समजूतदारपणाचं वाटतं. प्रत्यक्षात नवा कॅम बिघडवण्याची ही खात्रीची वाट आहे. लोबच्या टोकावर सर्वांत जास्त भार इंजिन हळू चालताना असतो. वेग वाढला, की व्हॉल्व्ह आणि रॉकरच्या स्वतःच्या गतीमुळे टोकावरचा स्प्रिंगचा जोर काहीसा हलका होतो. शिवाय आयडलला पंप कमी तेल टाकतो आणि दोन पृष्ठभागांमध्ये तेल ओढलं जाण्याइतका वेगही नसतो. म्हणजे भार सर्वांत जास्त आणि तेल सर्वांत कमी, तेही दोन्ही पृष्ठभाग कोरे, खरखरीत असताना.

म्हणून घासणाऱ्या टॅपेटच्या मोटारींच्या इंजिनांत नवा कॅम सुरू होताच २००० ते २५०० फेऱ्यांदरम्यान वर-खाली करत सुमारे २० मिनिटं चालवण्याची जुनी रीत आहे. मोटारसायकलसाठी कॅम बनवणाऱ्याची सूचना असेल ती आधी पाळावी, पण तत्त्व तेच. बसवताना लोब आणि पॅडवर मॉलिब्डेनमची पेस्ट लावा. प्लग काढून, इग्निशन बंद ठेवून, टॅपेट कव्हर उघडं ठेवून किक मारत राहा. वर रॉकरपर्यंत तेल आलेलं डोळ्यांनी दिसलं, की मगच गाडी सुरू करा. एअर कूल्ड गाडी एका जागी उभी ठेवून तापवू नका. समोर मोठा पंखा लावा किंवा मोकळ्या रस्त्यावर फेऱ्या राखत न्या. मग ते तेल गरम असतानाच काढून टाका. रॉकरची पुढची अनेक वर्षं या पहिल्या अर्ध्या तासावर अवलंबून असतात.

"जाड ऑईल टाक, रॉकर वाचेल"

लोबच्या टोकावर तेलाच्या जाडीइतकंच त्यातलं झिंक-फॉस्फरसचं संयुग महत्त्वाचं असतं. धातू धातूला लागतो तेव्हा तेच पृष्ठभागावर संरक्षक थर बनवतं. मोटारींच्या धुराड्यातलं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जपण्यासाठी २००४ साली आलेल्या एपीआय एसएम दर्जापासून १०डब्ल्यू-३०सारख्या पातळ तेलांत फॉस्फरस ०.०८ टक्क्यांच्या आत ठेवायचं ठरलं. मोटारसायकलच्या जासो दर्जात तो ०.०८ ते ०.१२ टक्के असतो. म्हणून 'एवढं महागाचं कारचं तेल आहे' म्हणून ते बाइकमध्ये ओतू नये. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ पाहावं. कारच्या तेलाने क्लच घसरू शकतो तो वेगळाच. आणि कंपनीने १०डब्ल्यू-३० सांगितलेल्या गाडीत २०डब्ल्यू-५० घातलं, तर सकाळी पहिल्या किकनंतर ते वर हेडपर्यंत पोचायला जास्त वेळ घेतं.

तेल कोणतं यापेक्षा पोचतं का, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा. हेड बसवताना गास्केटची पेस्ट सढळ हाताने लावली, की तिचे तुकडे तेलाच्या बारीक वाटेत अडकतात आणि रॉकर कोरडा पडतो. स्प्लेंडरसारख्या इंजिनात कागदी फिल्टर नसतो, जाळी आणि फिरता फिल्टर असतो. एकदा कॅमने रॉकर खाल्ला की त्याची भुकटी आत सगळीकडे पसरते. जाळी आणि फिरता फिल्टर न धुता नवे पार्ट बसवले, तर जुनी भुकटी नव्या पार्टना खाते. दुसरा कॅमही लवकर जाण्याचं हे अगदी साधं कारण मी वारंवार पाहतो.

कॅमच्या झिजेने मोठ्या कंपन्यांनाही दमवलंय. फोर्डच्या १९७० च्या दशकातल्या पिंटो इंजिनात कॅमवर तेल शिंपडणारी नळी तुंबून लोब झिजायचे. कॅम बदलताना ती नळीही बदलावी, हे तिथे ठरूनच गेलं. होंडाच्या १९८० च्या दशकातल्या व्हीएफ ७५० मध्ये कॅम इतक्या लवकर खरवडले जायचे, की लोक त्यांना 'चॉकलेट कॅम' म्हणू लागले.

आपल्याकडे आणखी एक बाब आहे. बोईसर स्टेशन ते कंपनीचं गेट, चार-पाच किलोमीटर, आणि परत. एवढ्यात इंजिन नीट तापत नाही. आत जमणारं पाणी आणि न जळलेलं पेट्रोल तेलातून उडून जात नाही. पावसाळ्यात तर जास्तच. अशा गाडीचं तेल ठरलेल्या किलोमीटरच्या आधी बदलावं.

"आवाज आला की टॅपेट टाईट करा"

वाजणारा टॅपेट डोक्यात जातो, हे समजतं. पण गप्प टॅपेट म्हणजे चांगला टॅपेट नव्हे. टॅपेट आणि व्हॉल्व्हमधला गॅप फार कमी असेल, तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि जळतो, आणि रॉकर पाठीच्या भागावरही दबलेला राहिल्याने तिथे तेल शिरायला फट उरत नाही. गॅप जास्त असेल, तर जलद उघडणारा लोब रॉकरवर आदळतो. कॅम बदलला तर गॅप नव्या कॅमचा, इंजिन थंड असताना, फिलर गेजने. अंगठ्याच्या अंदाजाने नाही. आणि दर पंधरवड्याला टॅपेट सैल होत असेल, तर स्क्रू फिरवणं थांबवून हेड उघडा. गॅप आपोआप वाढत नसतो, बहुधा लोब किंवा पॅड झिजतोय म्हणून वाढतो.

उघडल्यावर पॅड वाचता येतो. उभे ओरखडे असतील तर तेल कमी पडलं. खड्डे असतील तर भार जास्त. एकाच कडेची झीज म्हणजे कोन चुकला. दोन्ही रॉकरपैकी आधी एक्झॉस्टचा गेलेला दिसला तर नवल नाही : तो जास्त तापतो आणि सिलिंडरमधल्या उरलेल्या दाबाविरुद्ध व्हॉल्व्ह उघडतो.

"कॅम टाकला की गाडी सगळीकडे पळते"

जास्त वेळ व्हॉल्व्ह उघडा ठेवणारा कॅम ताकद वरच्या फेऱ्यांकडे सरकवतो. इनटेक उशिरा मिटल्याने खालच्या फेऱ्यांत भरलेलं मिश्रण थोडं मागे ढकललं जातं आणि तिथला जोर घटतो. अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवरच्या ड्रॅग शर्यतीत हे चालतं. डबलसीट वाघोबा खिंड चढताना किंवा चिल्हार–बोईसर रस्त्यावर ट्रेलरच्या मागे रांगताना नेमका तोच जोर लागतो. काहींना आरएक्स १०० सारखं पिकअप हवं असतं. तिच्यात कॅमच नव्हता. ती टू स्ट्रोक होती, तिचं सगळं काम पोर्टवर चालायचं.

"आतला पार्ट आहे, कोणाला दिसतो?"

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडी उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीतल्या कलम १८२अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे मालकाला ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. अपघातानंतर विमा कंपनीने हेड उघडायला सांगितलं, तर आतला पार्टही दिसतो.

रोज कामावर नेणाऱ्या शंभर-दीडशे सीसीच्या गाडीत कंपनीचाच कॅम ठेवावा. शर्यतीच्या गाडीत ज्यांना बदलायचाच आहे, त्यांनी कॅम, रॉकर आणि स्प्रिंग या तिन्हींचे पैसे एकत्र जमेपर्यंत हेड उघडू नये.