पांढऱ्या कळपातले काळे कोकरू

घोंगडी तुम्ही पाहिली असेलच. तिचा काळा रंग बहुधा मेंढीच्या अंगावरचाच असतो, रंगाऱ्याकडचा नव्हे. आपल्याकडे मान असलेली ही काळी लोकर ऑस्ट्रेलियातल्या मेरिनो मेंढ्या पाळणाऱ्यांना मात्र नकोशी वाटते. मेरिनोची लोकर पांढरी आणि तलम. तिला गुलाबी, आकाशी असा हवा तो फिकट रंग देता येतो. गासडीत थोडे काळे तंतू मिसळले, तरी ते कापडात उठून दिसतात आणि भाव पडतो.

पण गंमत अशी, की आईबाप दोघेही पांढरे असून कधी कधी कोकरू काळे जन्मते. हे कसे?

रंगाच्या जनुकाची एक प्रत आईकडून येते, एक बापाकडून. पांढऱ्या रंगाचे जनुक ‘प’ आणि काळ्याचे ‘क’ मानू. यांत ‘प’ प्रभावी आहे. म्हणून ‘पप’ मेंढी पांढरी आणि ‘पक’ही पांढरीच, काळी फक्त ‘कक’. दोन ‘पक’ एकत्र आले, की सरासरीने चारांतले एक कोकरू काळे. (काही जातींत दुसऱ्याच एका जनुकामुळे येणारा काळा रंग प्रभावी असतो. तो हिशेब निराळा.)

तुम्ही म्हणाल, काळी कोकरे काढून टाकली की झाले! जरा वही-पेन्सिल घ्या. समजा, कळपात ४०० कोकरांमागे १ काळे जन्मते. जोड्या या जनुकाचा विचार न करता जुळत असतील, तर ४०० चे वर्गमूळ काढा: दर २० जनुकांत १ ‘क’ आहे. मग ‘पक’ मेंढ्यांचे प्रमाण २ × १/२० × १९/२०. म्हणजे ४०० कोकरांत काळे दिसते एक, आणि ‘क’ पोटात लपवून बसलेली पांढरी कोकरे अडतीस! प्रत्येक काळे कोकरू वगळत गेलात, तरी ‘क’चे प्रमाण पुढच्या पिढीत १/२१, मग १/२२, असे रेंगाळत उतरते. ते निम्मे व्हायला २० पिढ्या लागतात. एक पिढी तीन वर्षांची धरली तरी साठ वर्षे!

म्हणून परीक्षा घ्यायची ती मेंढ्याची, कारण एका मेंढ्यापासून पुष्कळ कोकरे होतात. त्याचा संकर काळ्या, म्हणजे ‘कक’ मेंढ्यांशी करतात. तो ‘पक’ असेल, तर दर कोकरू म्हणजे नाणेफेकच. दहाही कोकरे पांढरी निघण्याची संभाव्यता १/१०२४. एक जरी काळे निघाले, तरी गुपित फुटले. २००८ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवले, की पांढऱ्या मेंढ्यांत ‘अगूटी’ नावाच्या जनुकाची जादा प्रत असते. त्याचे प्रथिन काळे रंगद्रव्य बनू देत नाही.

तलमपणाचे गणित असे सुटसुटीत नाही. त्यामागे अनेक जनुके असतात. १७ मायक्रॉन जाडीच्या लोकरीचा मेंढा आणि २१ मायक्रॉनची मेंढी यांच्या कोकरांची लोकर साधारण १९ च्या आसपास येते. (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) ही जाडी आता लेसरच्या साहाय्याने मोजतात, हे सांगताना माझ्यासारख्या पदार्थविज्ञानाच्या शिक्षकाला आनंद होणारच! पण उपकरणावर डोळे झाकून विसंबू नका. उपाशी मेंढीची लोकरही बारीक होते, फक्त ती कमजोर असते. तुलना करायची ती एकाच वयाच्या, एकाच कुरणात चरलेल्या मेंढ्यांची.

आता खरी अडचण. कळपातला सर्वांत तलम मेंढाच ‘पक’ निघाला तर? मी त्याला ठेवीन. ‘पप’ मेंढ्यांपासून झालेल्या त्याच्या मुलांपैकी निम्मी सरासरीने ‘पप’ असतील. त्यांतला तलम निवडायचा. पण तो ओळखायला पुन्हा काळ्या मेंढ्या, पुन्हा दहा कोकरे, आणि त्याच्या उमेदीतला विणीचा एक हंगाम खर्ची.