हवा किती, हे मालाला विचारा
(लेखमाला : चाकावरचा धंदा, भाग ६)

सिन्नर फाट्यावर पंक्चरच्या दुकानापुढे सकाळी अर्धा तास उभं राहिलं, तर एकच बोलणं पुन्हा पुन्हा कानावर पडतं. ‘किती मारू?’ ‘मार नेहमीची.’ एक पिकअप मालधक्क्याकडे सिमेंट भरायला निघालेली, दुसरी पळशाची भाजी घेऊन वाशीला, तिसरी माल उतरवून रिकामी घरी. तिघींची ‘नेहमीची’ हवा एकच, आणि पुढच्या-मागच्या चाकांनाही तीच.

वजन उचलते ती हवा. रबर तिला फक्त कोंडून धरतं. समजा, मागच्या एका चाकावर ९०० किलो भार आहे आणि हवा ६५ पीएसआय आहे. ६५ पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे साडेचार किलो. म्हणजे टायरचा साधारण २०० चौरस सेंटीमीटर भाग, १० बाय २० चा तुकडा, रस्त्याला टेकतो. हवा ३५ वर आली की तेवढंच वजन पेलायला टायर पसरतो आणि हा तुकडा साडेतीनशेच्या वर जातो. थोडा भार टायरची भिंतही उचलते, म्हणून हिशेब काटेकोर नाही. पण घडतं हेच.

पसरलेला टायर प्रत्येक फेऱ्याला दुमडतो आणि उलगडतो. पिकअपचं चाक एका किलोमीटरला साधारण साडेचारशे वेळा फिरतं. लोखंडी तार वाकवत राहिलं की ती जशी तापते, तशी टायरची भिंत आतून तापते. पुणे रस्त्यावर सिग्नल आणि गर्दीत चाकाला अधूनमधून विसावा मिळतो. गोंद्याला समृद्धीवर चढलं की सलग काँक्रीट आणि थांबा नाही. कमी हवेचा भरलेला टायर फुटतो तो तिथे. दोष उन्हाला दिला जातो. खरा दोष सकाळी न मोजलेल्या हवेचा असतो.

मग आकडा कोणता? टायरच्या भिंतीवर लिहिलेला नव्हे. तो आकडा सांगतो, की हा टायर त्याचं कमाल वजन किती हवेवर उचलेल. तुमच्या गाडीचा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर किंवा गाडीच्या पुस्तकात असतो, पुढचा वेगळा, मागचा वेगळा. कारण साधं आहे. सिमेंटच्या ५० किलोच्या २४ गोण्या म्हणजे १२०० किलो, आणि त्यातलं बहुतेक वजन मागच्या दोन चाकांवर येतं. पुढच्या चाकांना फारसा फरक पडत नाही. पुढे गरजेपेक्षा जास्त हवा ठेवली तर टायर मधोमध झिजतो आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक धरत नाही. मागे कमी ठेवली तर दोन्ही खांदे झिजतात.

शंका असेल तर वजनकाट्यावर एकदा फक्त मागची चाकं चढवून बघा. आलेल्या वजनाचा निम्मा भाग एका टायरवर. हा आकडा टायरवर लिहिलेल्या कमाल वजनापेक्षा जास्त निघाला, तर वरून हवा मारून उपयोग नाही. गोण्याच उतरवायला हव्यात. कंपनीच्या मापाऐवजी दुसऱ्या मापाचे टायर बसवले असतील, तर दारावरचा आकडा त्यांना लागू नाही. टायर कंपनीचा वजन-हवेचा तक्ता विक्रेत्याकडून मागून घ्या.

हे सगळे आकडे थंड टायरचे आहेत, आणि सगळ्यात जास्त चूक इथेच होते. तापमान १० अंशांनी बदललं की ६५ च्या टायरमध्ये अडीचेक पीएसआयचा फरक पडतो. चालून आलेला टायर ६५ चा ७२ दाखवतो. घाबरून चालक सात सोडतो. रात्री टायर निवतो आणि सकाळी तोच टायर ५८ वर येतो. त्यावर पुन्हा २४ गोण्या. तापलेल्या टायरची हवा कधीच सोडू नका. थंडीच्या दिवसांत निफाडकडच्या गारठ्यात तर उन्हाळ्यात भरलेली हवा आपोआपच कमी झालेली असते.

रिकाम्या गाडीत मागचे टायर कडक लागतात, हौदा आपटतो, म्हणून काही जण परतताना हवा उतरवतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा भाडं असेल तर हे करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. उतरवलेली हवा भरायची राहून जाते. गाडी खरोखरच आठ-पंधरा दिवस रिकामी फिरणार असेल आणि पुस्तकात रिकाम्या गाडीचा वेगळा आकडा दिला असेल, तरच तो वापरा.

एक साधा गेज गाडीत ठेवा. उद्या सकाळी, गाडी हलवायच्या आधी, पाचही टायर मोजा. पाचवी स्टेपनी, तिची हवा वर्षभर कुणी बघत नाही, आणि ती लागते भरल्या गाडीला, कसारा घाटात.