मांजर राहिलं, सल्ला बदलला

5 जून 1981 रोजी अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांच्या चमत्कारिक न्यूमोनियाची नोंद छापली. ती एड्सची पहिली चाहूल. पुढच्या काही वर्षांत टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी अशा रुग्णांच्या थेट मेंदूपर्यंत पोचू लागला. त्याची बीजं मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडतात हे 1970च्या सुमाराला सिद्ध झालेलंच होतं. झालं, ‘मांजर देऊन टाका’ हा सल्ला सर्रास मिळू लागला.

द्यायला सोपा सल्ला. पण सॅन फ्रान्सिस्कोत घरच्यांनी पाठ फिरवलेल्या, नोकरी गेलेल्या कितीतरी जणांजवळ उरलं होतं ते मांजर किंवा कुत्रंच. एड्सच्या रुग्णांना शिधा वाटणाऱ्या स्वयंसेवकांच्या ध्यानात आलं, की काहीजण स्वतःच्या पोटाला चिमटा काढून ते अन्न जनावराला घालताहेत. त्यातून ‘पॉज’ ही संस्था उभी राहिली. तिचे कार्यकर्ते प्राण्यांचं खाणं पोचवत, कुत्री फिरवून आणत, आजार न लावून घेता प्राणी कसा पाळायचा याची पत्रकं वाटत. या सगळ्या काळातलं सर्वांत शहाणं काम मला हेच वाटतं.

कारण खरी मेख होती लिटर ट्रेमध्ये. ताज्या शीमधली बीजं लगेच बाधत नाहीत. पक्व व्हायला त्यांना एक ते पाच दिवस लागतात. ट्रे रोजच्या रोज, शक्यतो घरातल्या निरोगी माणसाने साफ केला, की धोका बराच टळतो. शिवाय मांजर ही बीजं टाकतं ते बहुधा पहिल्या लागणीनंतरचे एक-दोन आठवडेच. कच्चट मांसातून होणारी लागण वेगळीच, तिच्यात घरातल्या मांजराचा काय दोष? 1993 साली एचआयव्हीबाधितांच्या एका अभ्यासातही मांजर पाळण्याचा आणि या लागणीचा संबंध दिसला नाही.

म्हणून मांजराला सरसकट निर्दोष ठरवायचंही कारण नाही. 1983पासून काही रुग्णांच्या अंगावर लालभडक गाठी दिसत होत्या. 1990 साली जनुकीय तपासणीतून त्यांच्यामागचा जिवाणू सापडला. आज त्याला बार्टोनेला म्हणतात. 1994 साली सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या मांजरांचं रक्त तपासलं, तर सुमारे 41 टक्के मांजरांत तो निघाला. मांजरा-मांजरांत तो पिसवा पसरवतात, माणसाला ओरखड्यातून लागतो. पिसवांचा बंदोबस्त हा रुग्णाच्या पथ्याचा भाग झाला तो तेव्हापासून.

1995च्या सरकारी मार्गदर्शिकेने हे सगळं अधिकृत केलं: मांजर सोडायची गरज नाही, पण नवं आणायचं तर पिल्लू नको, साप-कासवं टाळा, फिशटँक हातमोजे घालूनच धुवा. 1996नंतर प्रभावी औषधं आली, एड्सच्या रुग्णांची भीती ओसरली. तशीच प्रतिकारशक्ती दुबळी असलेल्या प्रत्यारोपणाच्या आणि कर्करोगाच्या रुग्णांची मात्र उरलीच.

2005 साली एका मृत महिलेचे अवयव चौघांना बसवले गेले. चौघेही गंभीर आजारी पडले, तिघे दगावले. शोध जाऊन थांबला तिच्या घरी नुकत्याच आणलेल्या हॅम्स्टरवर. त्याच्या अंगातला एलसीएमव्ही हा विषाणू अवयवांबरोबर आला होता. चौथ्याला डॉक्टरांनी रिबाव्हिरिन दिलं, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कमी केली, आणि तो वाचला.